गुरूचा वाटा

खर्ड्यापासून सुरुवात करते, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते तुम्हाला कळेल.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी कधीतरी, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, आमच्या ह्यांनी शर्मिला दिवटेच्या डब्यातला खर्डा खाल्ला आणि म्हणाले, "तुझा खर्डा झकास असतो गं." बस्, एवढंच. हा माणूस मुळात बोलायचं म्हणजे जिवावर आल्यासारखा. माझ्या हातचं खाऊन इतक्या वर्षांत 'बरं झालंय' ह्याच्या पुढं गाडी गेलेली नाही. आणि तिला झकास! त्या दिवसापासून आमच्या घरात खर्डा बंद. मिरच्या आणते, आमटी करते, भजी करते, खर्डा नाही. का बंद केला म्हणून त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

मी वैजयंता हेरलगे, इचलकरंजीची. मी, आमचे हे म्हणजे शिवगोंडा, आणि ती शर्मिला, तिघंही एकाच कारखान्यात मागावर होतो. माग म्हणजे साधे यंत्रमाग, खडखडाट असा की शेजारच्यानं शिवी दिली तरी ऐकू येत नाही. उभी तार, म्हणजे धागा, तुटली की माग थांबवायचा, तुटलेली दोन टोकं धरायची, चिमटीत गाठ मारायची, माग परत चालू. दिवसभर हेच. ही गाठ म्हणजे विणकराची अब्रू. जाड पडली की कापडात दिसते, सैल पडली की पुढं जाऊन सुटते. माझी गाठ माझ्या आईकडून आलेली, आणि मी तोंडानं सांगायला नको, पण माझ्या कापडात गाठ शोधून दाखवणारा अजून जन्मायचाय.

मग नवे माग आले. त्या मागांना डोळे आहेत. तार तुटायच्या आधी तिचा ताण बघून ती तुटणार हे त्यांना कळतं आणि सुईएवढी चिमटी येऊन सांधून जाते. माग थांबतसुद्धा नाही. अख्ख्या शेडला एक माणूस, तोही बसून असतो. मालकांनी आमचे माग भंगारात घातले आणि दारावर कुलूप लावलं. वर्षभरात निम्म्या गावाचं तेच झालं.

तेव्हा सरकारनं कामबंदी भत्ता काढला. आता भत्ता म्हटलं की हिशेब आला. बाहेरच्या देशांत म्हणे मागच्या वर्षीचा पगार बघतात, त्याच्या निम्मं देतात, तुम्ही स्वतःहून सोडलं की काढलं ते विचारतात, नवं काम शोधताय का ते बघतात. इथं पगाराचा कागद कुणाकडं? आम्ही मीटरवर कापड विणणारी माणसं. आठवड्याचे पैसे हातात पडायचे, मालकाच्या वहीत निम्मी नावं नसायचीच. कागद मागितला असता तर इचलकरंजीत कुणीच बेकार निघालं नसतं, कारण कागदावर कुणी कधी कामालाच नव्हतं.

म्हणून हातसाक्ष आली. कागद नसेल तर हातानं साक्ष द्यायची.

जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत केंद्र उघडलं. तिथल्या बोंद्रे मॅडम नव्या होत्या, पण बाई समजावून सांगायच्या. दोन्ही हातांना कोपराखाली पट्टा बांधतात. समोर पडद्यावर माग चालू असतो. मध्येच एक तार तुटते. तुम्ही हात मांडीवर ठेवून नुसतं बघायचं.

"हात हलवायचा नाही, मग काय कळणार?" मी विचारलं होतं.

"हात हलायच्या आधी मेंदू बोटांना हुकूम सोडतो, वैजयंताताई," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही हात दाबून धरला तरी तो हुकूम कोपराच्या खाली येतोच. अगदी बारीक वीज असते ती, पट्टा ती पकडतो. नवीन माणूस आधी तार बघतो, मग विचार करतो, मग हुकूम सुटतो. तुमच्यासारख्यांचा हुकूम विचाराच्या आधीच सुटलेला असतो. मधला उशीर मोजला की हातात किती वर्षांचं काम मुरलंय ते समजतं. त्यावर श्रेणी, आणि श्रेणीवर भत्ता."

मला ते पटलं. लुगड्याला तार अडकली तरी माझी बोटं वळवळतात, डोकं नंतर जागं होतं.

पण आपली माणसं म्हणजे काय विचारता. सहा महिन्यांत गाठी शिकवायचे क्लास निघाले! ज्यांनी जन्मात माग बघितला नाही ती पोरं खालच्या श्रेणीत पास व्हायला लागली. मग सरकारनं दुसरी अट घातली, घराण्याची. प्रत्येकाच्या हाताला एक लकब असते, आणि शिकवणाऱ्याची लकब शिकणाऱ्याच्या हातात उतरते, अक्षरासारखी. यंत्र ती लकब जुळवतं आणि तुमचा गुरू कोण ते सांगतं. गुरू एखाद्या बंद पडलेल्या कारखान्यातला कामगार असला तर तुम्ही पात्र. 'गुरू अज्ञात' आलं तर घरी जायचं. आणि शिकवणं हेही कामच होतं, त्याचा पगार कुणी कधी दिला नव्हता, म्हणून प्रत्येक शिष्यामागं थोडी रक्कम गुरूच्या खात्यात. त्याचं नाव गुरूचा वाटा.

माझा हात लागला तेव्हा यंत्रानं लगेच आईचं नाव घेतलं. आई अजून आहे, रबकवीला भावाकडं असते, तिचा हात तिथल्या केंद्रात आधीच नोंदलेला होता. तिला माझा वाटा सुरू झाला तेव्हा तिनं फोन करून विचारलं, "वैजे, तुला मारून मारून शिकवलं त्याचे पैसे देतंय व्हय सरकार?"

आता आमच्या ह्यांची पाळी. आमचं सगळं ह्यांच्या भत्त्यावर अडलं होतं, ते आधी सांगते. माझ्या एकटीच्या भत्त्यात घर आणि मिरजेला नर्सिंग शिकणारी पोरगी, दोन्ही भागत नव्हतं. ह्यांचा भत्ता मिळाला तर आम्ही इथं राहणार. नाहीतर चाकणला एका गोदामावर पहाऱ्याची नोकरी ठरली होती. खोलीत सहा जणं, सुट्टी दिवाळीला. ठेकेदाराची गाडी सोमवारी निघणार होती. मी वरून म्हणत होते, "जा की, चार दिवस घरात शांतता." पण मला रात्री ह्यांच्या घोरण्याशिवाय झोप येत नाही, हे मी कुणाला सांगायची नाही.

शुक्रवारी केंद्रात रांग होती. ओळखीचीच सगळी. हे पट्टा बांधून बसले, तार तुटली, यंत्रानं क्षणभर विचार केला आणि त्या गोड बाईच्या आवाजात सगळ्यांदेखत सांगितलं, "शिवगोंडा हेरलगे. पात्र. गाठीचा हात डावा. गुरू, शर्मिला दिवटे. गुरूचा वाटा गुरूच्या खात्यात जमा होईल."

रांगेत एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं बाई, गुरू केलाय न्हवं, गुपचूप!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शर्मिला डावरी आहे, हे सगळ्या कारखान्याला माहीत. डावरी एकटीच. आमचे हे जेवतात उजव्या हातानं, खिळा ठोकतात उजव्या हातानं. मग गाठ डाव्या हातानं? गाठ शिकायला माणसाला किती जवळ बसावं लागतं ते मला विचारा. आई माझ्या मागं बसून माझी बोटं आपल्या बोटांत धरायची. ह्या दोघांनी हे कधी केलं? कुठं केलं? मी कुठं होते तेव्हा?

"काय हो हे?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक," हे म्हणाले.

हे उत्तर झालं? नाही म्हणायचं होतं. शपथ घ्यायची होती. 'यंत्र बिघडलंय' असं तरी म्हणायचं! हे महाराज पट्टा सोडत बसले. आणि दर महिन्याला माझ्या नवऱ्याच्या हातांचा हप्ता त्या बाईच्या खात्यात जाणार, जन्मभर. खर्डा आठवला मला. झकास असतो गं!

पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकोन होता, त्यावर लिहिलेलं, हरकत. मी हात लांबवून तो दाबला.

"हरकत कुणाची?" यंत्रानं विचारलं.

"बायकोची!"

"कारण सांगा."

"ह्यांनी तिच्याकडनं काही एक शिकलेलं नाही! काही एक नाही!"

"हरकत नोंदवली. गुरूबद्दल हरकत असल्यामुळे भत्ता निकाल लागेपर्यंत थांबवला आहे."

हे पहिल्यांदा माझ्याकडं बघायला लागले. भत्ता थांबतो हे मला माहीत नव्हतं, देवाशप्पथ. पण माहीत असतं तरी दाबलं असतं. खोटं कशाला बोलू.

शनिवार उजाडला. हे पिशवी भरत होते. दोन शर्ट, लुंगी, तंबाखूची डबी. मी भांडी आपटत होते.

"सांगा की कुणी शिकवलं," मी शेवटी म्हणाले.

"खरंच कुणी न्हाई शिकवलं, वैजू. सुताला खळ लावायच्या खात्यातनं आलो तवा मला धागा धरायला येत नव्हता. मुकादमानं मागावर उभं केलं आणि गेला तेल मारायला. मग येत गेलं."

"येत गेलं? आपोआप? पावसात कुत्र्याची छत्री उगवते तसं?"

"तसंच म्हण."

"आणि डाव्या हातानं उगवलं?"

ह्यावर ह्यांनी स्वतःच्या हातांकडं बघितलं. खरंच पहिल्यांदा बघितल्यासारखं बघितलं. मला त्या बघण्याचाही राग आला. ते हात मी धुतलेत, तापात शेकलेत, धोटा लागून बोट फुटलं तेव्हा हळद भरलीय. आणि त्यांच्या आत दुसरीचं नाव.

दुपारी ती स्वतःच आली, शर्मिला. दारात उभी राहिली. नवरा गेल्यापासून वाळलीय, पण अजून ताठ चालते. मी आत ये म्हटलं नाही.

"वैजू, तुझ्या नवऱ्याला मी काही शिकवलेलं नाही," ती म्हणाली. "आमची ओळ पार तिकडं, खिडकीजवळ. मला त्याचं तोंडसुद्धा दिसायचं नाही."

"मग यंत्र खोटं बोलतंय?"

"यंत्राचं मला कळत नाही. मी तुला माझं सांगितलं."

"आणि वाटा? तो नको म्हणून सांगितलंस का?"

"नाही सांगितलं," ती म्हणाली. "मला एकटीच्या भत्त्यात भागत नाही. कुणी देत असलं तर मी नको म्हणणार नाही. तुला राग यायचा तर येऊ दे."

एवढं बोलून गेली. तिनं रडून दाखवलं असतं, गयावया केली असती, तर मला जरा बरं वाटलं असतं. खरं बोलून गेली म्हणून जास्तच जळले मी.

रविवारीसुद्धा केंद्र उघडं असतं, हरकतींसाठी. बोंद्रे मॅडमनी तिघांना बोलावलं होतं. आत एक लाकडी चौकट ठेवलेली, तिच्यावर तारा ताणलेल्या, खरी गाठ मारून दाखवायला.

"वैजयंताताई, आत्ता हरकत मागं घेतलीत तर भत्ता आजपासून सुरू," मॅडम म्हणाल्या. "मागं नाही घेतली तर मला तपासावं लागेल."

"तपासा."

"वैजू," हे म्हणाले, "उद्या गाडी हाय."

"तपासा म्हणाले ना मी!"

मॅडमनी आधी शर्मिलाला बसवलं. तिनं बोट जिभेला लावून ओलं केलं, टोकं जुळवली, डाव्या हातानं वळसा दिला आणि सोडून दिलं. झालं. चांगली गाठ होती, नाही म्हणणार नाही. जरा शेपटी लांब ठेवते, पण चांगली.

मग हे बसले. बोट ओलं केलं नाही. अंगठ्याच्या नखावर टोक टेकवलं, डाव्या हातानं वळसा दिला, करंगळी बाजूला काढून ठेवली. गाठ बसली. मग एकदा ओढली. आणि परत एकदा ओढली.

ती दुसरी ओढ माझ्या आईची आहे. अख्ख्या इचलकरंजीत कुणी गाठ दोनदा ओढत नाही, वेळ जातो म्हणून मालक ओरडायचे. आई म्हणायची, "एक ओढ गाठीसाठी, एक खात्रीसाठी." मी दोनदा ओढते. आणि नखावर टोक टेकवणं, करंगळी काढून ठेवणं, तेही माझंच.

"परत मारा," मी म्हणाले.

ह्यांनी परत मारली. ओढ, ओढ.

"मॅडम, हे माझं आहे!"

"पण ताई, तुमचा हात उजवा. यंत्रानं तुमच्याशी ताडून बघितलंय, काही जुळत नाही. ह्या कारखान्यातला डावा हात एकच नोंदलेला आहे, म्हणून जवळात जवळचा म्हणून त्यानं—"

मी ऐकलंच नाही. खुर्ची ओढली, चौकटीच्या पलीकडं गेले आणि ह्यांच्या बरोबर समोर बसले. मध्ये तारा. कारखान्यात आम्ही असेच असायचो. आमच्या दोघांच्या ओळी तोंडाला तोंड होत्या. मी अलीकडून वाकायचे, हे पलीकडून.

"मारा," मी म्हणाले, आणि मीही मारली.

माझा उजवा हात वळला तेव्हा समोर ह्यांचा डावा हात वळला. माझी उजवी करंगळी बाजूला गेली, समोर ह्यांची डावी गेली. आरशासमोर बसून वेणी घालावी तसं दिसत होतं. आणि मला कळलं की एवढ्या वर्षांत ह्यांची डावी गाठ मला का दिसली नव्हती. समोरून बघितलं तर ती बरोबरच दिसायची. माझ्यासारखी.

मग शर्मिला म्हणाली, "अगं बाई. हा तुझ्याकडं बघून शिकला."

मॅडम पडद्यावर काहीतरी उलटंसुलटं करत होत्या. ह्यांच्या हाताची आकृती त्यांनी फिरवली, डावीची उजवी केली, आणि माझ्या आकृतीवर ठेवली. रेघेवर रेघ बसली.

"समोर बसून कुणी शिकवत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "शिकवणारा नेहमी मागं नाहीतर शेजारी बसतो, मग हात तसाच उतरतो. पण लहान मूल समोरच्याची नक्कल करतं ना, ते आरशातल्यासारखी करतं. आपण उजवा हात वर केला की ते डावा करतं. मेंदूची तीच पहिली सवय. ह्यांना कुणी शिकवलंच नाही. ह्यांनी नुसतं बघितलं. पण उलट्या बाजूनं जुळवून बघायचं यंत्राला सांगितलेलंच नाही कुणी. असं कुणी शिकत असेल हे सुचलंच नसेल कुणाला."

किती बघावं लागत असेल हो, हातात एवढं मुरायला? त्या खडखडाटात बोलता यायचं नाही, हा माणूस घरीही बोलायचा नाही. दिवसभर माझ्या हातांकडं बघत उभा राहायचा, आणि मी समजायचे, ह्याचं लक्ष खर्ड्याकडं आहे.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"न्हाई," हे म्हणाले. "तू समोर होतीस. आणि कुठं बघणार मग?"

मी पदरानं नाक पुसलं. मग ताठ बसले. "मॅडम, तिचं नाव काढा. माझं लावा."

मॅडमनी खुर्ची जवळ घेतली. "लागेल. पण मला ते इथून लावता येत नाही. मुंबईच्या प्रयोगशाळेला लिहावं लागेल, ते यंत्राला शिकवतील, मग सगळीकडं लागू होईल. सहा महिने सहज जातील. तोवर हरकत चालू, म्हणजे भत्ता बंद. आणि आधीच सांगते, नवरा-बायकोत गुरूचा वाटा मिळत नाही. एकाच रेशनकार्डावरच्या माणसांना तो धरत नाहीत."

"मला वाटा नको. मला नाव पाहिजे."

"मग शर्मिलाताईंना लिहून देता येईल, की मी शिकवलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मग आज यंत्र म्हणेल, गुरू अज्ञात. ते अपात्र ठरतील."

"आणि हे असंच ठेवलं तर? खोटं नाही का ते?"

"नियमात 'जवळात जवळचा हात' असंच लिहिलंय. यंत्राच्या हिशेबानं आज तो शर्मिलाताईंचाच आहे. यंत्र सुधारलं की सगळ्यांची नावं परत तपासली जातीलच, कधीतरी."

कधीतरी! सरकारी कधीतरी म्हणजे काय ते मला सांगायला नको. मी शर्मिलाकडं बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. तिनं 'सोड वैजू, मला नको वाटा' असं म्हणावं म्हणून मी वाट बघितली. ती तसं म्हणाली नाही. तिच्या जागी असते तर मीही म्हटलं नसतं.

तेवढ्यात हे उठले. पिशवी तिथंच आणली होती, खांद्याला लावली. "वैजू," ते म्हणाले, "तुझं नाव लागू दे. मी जातो चाकणला. सहा म्हैने काय, काढीन की."

इतक्या वर्षांत असं काही ह्या माणसानं माझ्यासाठी बोललेलं नव्हतं. आणि ते बोलताना चेहरा असा की गाडी उद्याची असली तरी हा आत्ताच चालत निघेल.

मला माझं नाव पाहिजे होतं. सांगते ना, जीव तोडून पाहिजे होतं. त्या रांगेतल्या हसणाऱ्या बायकांसमोर त्या गोड आवाजानं माझं नाव घ्यावं, एवढंच मागत होते मी. एका बाजूला ते, आणि दुसऱ्या बाजूला सहा माणसांच्या खोलीत घोरणारा हा.

"कुठं निघालात मरायला? ठेवा ती पिशवी!" मी ओरडले. मग यंत्रासमोर गेले आणि दुसरा चौकोन दाबला.

"हरकत मागे घेण्याचं कारण सांगा," यंत्र म्हणालं.

"तुला काडीची अक्कल नाही, हे कारण."

"कारण नोंदवलं. शिवगोंडा हेरलगे, पात्र. गुरू, शर्मिला दिवटे. धन्यवाद."

मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. शर्मिला हसली नाही. जाताना माझ्या दंडाला हात लावून गेली, तो मी झटकला नाही एवढंच.

आता महिन्याच्या पहिल्या तारखेला ह्यांच्या फोनवर निरोप येतो आणि ती गोड आवाजाची बया तो मोठ्यानं वाचून दाखवते, आपले गुरू शर्मिला दिवटे. गावभर तेच माहीत आहे. बाजारात परवा एकीनं विचारलं, "काय वैजूताई, गुरूबाई बऱ्या आहेत ना?" मी आरशाचं, समोरासमोरचं सगळं सांगत बसत नाही, कुणाला पटणार? जळते का म्हणाल तर जळते. दर पहिल्या तारखेला जळते. मुंबईला मी तीन अर्ज पाठवलेत, मॅडमच लिहून देतात.

ह्या पहिल्या तारखेला शर्मिला दारात आली. हातात वाटी, वर झाकण. "गुरूचा वाटा," ती म्हणाली, तोंड वाकडं करून, आणि वाटी उंबऱ्यावर ठेवून गेली. उघडून बघितलं तर खर्डा.

टाकून द्यायचा होता. पण अन्न आहे. जेवताना ह्यांच्या ताटात वाढला आणि समोर बसले, डोळ्यांत तेल घालून.

ह्यांनी भाकरीला लावला, खाल्ला, पाणी प्यायले.

"कसा झालाय?" मी विचारलं.

"बरा हाय." मग दुसरा घास हातातच धरून थांबले. "तू करायचीस खर्डा. लसूण जरा करपवून. का बंद केलास गं?"

मी उठले, तवा ठेवला आणि टोपलीतल्या सगळ्यात तिखट मिरच्या निवडून घेतल्या.